संध्याकाळचा राब

धामणदऱ्याच्या शाळेत भरदुपारी, पाहुण्यांच्या साक्षीने, पर्यावरणाचा सिनेमा बघता बघता सगळ्या वाडीने मिळून एका म्हाताऱ्याला बडवला. मी तिथेच होतो. वडगावात तालुका वार्ताहर म्हणून हयात घालवलेल्या माणसाला मारामाऱ्यांचं नवल राहत नाही. बांधावरून उगारलेले कोयते पाहिलेत, जमिनीला भाव आल्यावर सख्ख्या चुलत्या-पुतण्यांनी एकमेकांची टाळकी फोडलेली पाहिलीत. पण त्या मारामाऱ्यांत मारणाऱ्याला निदान आतून ठाऊक असतं, की आपण लबाडी करतोय. इथे मारणारा प्रत्येक जण स्वतःला धर्मराज समजत होता. माझ्या दैनिकाने ती बातमी चार ओळींत उरकली आणि वर मथळा दिला, 'माहितीपटाच्या कार्यक्रमात गोंधळ'. म्हाताऱ्याचा डोळा गेला आणि ह्यांच्या लेखी तो गोंधळ! तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. म्हणून त्या माणसाबद्दल आता सगळं लिहायला बसलोय.

त्याचं नाव कोंडाजी. टाकव्याच्या पुढे आंदर मावळात आत आत शिरत गेलं की डोंगराच्या पायथ्याला धामणदरा लागतं. एसटी दिवसाला एक, तीही आली तर. खाली आणि थोडी चढणीवर भाताची खाचरं, वर गवताळ पठार आणि मध्ये वाडी. वाडीतलं सगळ्यात वरचं घर कोंडाजीचं, आणि त्याच अंगणात समोर त्याच्या धाकट्या भावाचं, अंबाजीचं. आईबाप गेले तेव्हा अंबाजी शेंबडा पोर होता. कोंडाजीने त्याला वाढवला, जाणता झाल्यावर निम्मी खाचरं मोजून त्याच्या हवाली केली, आणि झुंबरबाई ही बायकोसुद्धा त्यानेच पाहून आणली. "पोरगी भांडखोर हाय, पर कामाला वाघीण हाय," एवढंच त्याने घरी येऊन सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

तरुणपणी काही वर्षं हा माणूस लोणावळ्याच्या एका टॉकीजमध्ये दारावर होता. तिकिटं फाडायची, अंधारात बॅटरी मारून माणसं बसवायची, पिऊन आलेल्याला बखोटीला धरून बाहेर काढायचं. टॉकीज बंद पडली आणि कोंडाजी नांगराकडे परत आला, पण सिनेमा काही अंगातून गेला नाही. पारावर बसून तो पडद्यावरच्या हाणामाऱ्या अशा रंगवून सांगायचा की गुरं वळणारे थांबून ऐकत. त्याची सगळी माया खलनायकावर. "हिरो नुस्ता केस सावरतो," तो म्हणायचा. "राबतो तो व्हिलन. त्यो न्हाई तर पिच्चर हलतच न्हाई." त्याची बायको शालूबाई म्हणायची, "म्हणूनच म्हातारा असा वाकडा झालाय."

वाकडा तो होताच. वाडीशी त्याचं एकाच गोष्टीवरून वाजायचं, ती म्हणजे गवत. जुनी माणसं पठारावरचं वाळकं गवत दरसाल पेटवून द्यायची, म्हणजे पुढच्या साली कोवळं, दाट फुटतं असा समज. कोंडाजीही त्यातलाच. नवी पिढी म्हणू लागली, बाबांनो, आता दिवस बदललेत. दिवाळी सरते न सरते तोच गवत कडकडीत होतं, महाशिवरात्रीला मे महिन्यासारखं ऊन पडतं, होळीच्या आत झरा आटतो. अशात एक काडी टाकली तर गवताबरोबर कारवी, करवंदी, पाखरं, झऱ्याची मुळं सगळं जातं. ग्रामसभेत हा विषय निघाला की कोंडाजी उभा राहायचाच. "आमी जन्मभर जाळलं, तवा झरा आटला न्हाई. आता तुमी बूट घालून राखताय, तर आटतोय. सांगा बरं, चूक कुनाची?" लोक हसायचे, चिडायचे, त्याला खाली बसवायचे. पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोलायची त्याची भावजय, झुंबरबाई. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देता ती त्याला तोडून बोलायची. तिनेच बचत गटातल्या बायका गोळा करून वणवा पथक उभं केलं. तळेगावच्या एका मंडळाने बूट दिले, पाण्याची टाकी बसवून दिली. आग झोडपायला बांबूच्या टोकाला जुन्या टायरची पट्टी ठोकलेली हत्यारं केली; वाडीत त्याला नुसतं 'रबर' म्हणतात. गवत वाळलं की बाया-बापे आग अडावी म्हणून पठाराच्या कडेने गवताचा पट्टा साफ करत, रात्री पाळ्या लावत. आजूबाजूच्या वाड्यांनी त्यांचं बघून पथकं काढली. माणसं जगण्याची धडपड करतात ती अशी, भाषणं न करता.

मग तो शिमगा आला. धुळवड होऊन गेल्यावर एका संध्याकाळी पठाराच्या पलीकडच्या अंगाने वणवा उठला. कुणी पेटवला, कशाने पेटला, ते आजतागायत कळलेलं नाही. पथक चढलं. झुंबरबाई नेहमीप्रमाणे पुढे. वारा फिरला आणि आग वाळक्या कारवीत शिरली. कारवी पेटते तेव्हा फटाक्यांची माळ लावल्यासारखा आवाज होतो, त्यात माणसाची हाक ऐकू येत नाही. झुंबरबाई एका घळीत अडकली. अंबाजी आत घुसला, त्याने तिला दंडाला धरून ओढलं आणि तिची कातडी सोलून त्याच्या तळहाताला चिकटून आली. हे मला त्यानेच सांगितलं, तळहात माझ्या नाकासमोर धरून. आग बघून वर धावलेला कोंडाजी तिला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरला. वाटभर ती ओरडत होती आणि म्हातारा पावला-पावलाला ठेचकाळत होता. पुण्याच्या दवाखान्यात काही दिवस काढून ती गेली.

कागदोपत्री नोंद झाली, अज्ञात इसम. अंबाजीला ते दोन शब्द खाऊ लागले. आधीच डोक्याचा गरम माणूस, त्यात हे. वणवा लावणाऱ्याला शोधायचा आणि ठार मारायचा, एवढं एकच काम त्याने डोक्यात घेतलं. पठारावर मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगराच्या खिशात काडेपेटी सापडली म्हणून त्याला झाडाला बांधून मारला. तंबू ठोकून कोंबडी भाजणाऱ्या पुण्याच्या पोरांपैकी एकाचे दोन दात पाडले. शेजारच्या वाडीतल्या एका विडी ओढणाऱ्याला विहिरीच्या काठावर उलटा धरला. प्रत्येक वेळी मारून झाल्यावर कळायचं, की हा तो नव्हे. वडगावच्या ठाण्यात मी त्याला दोनदा बाकावर बसलेला पाहिला. पोलीससुद्धा त्याला चहा पाजून सोडून द्यायचे. बायको गेलेल्या माणसाला काय बोलणार?

आणि कोंडाजी? तो गप्प झाला. ग्रामसभेत उठेना, पारावर पिक्चर सांगेना. गवताचा विषय निघाला की उठून चालू लागे. जिला त्याने स्वतः पाहून आणली, त्या घरातल्या लक्ष्मीला पाठीवर ओरडताना त्याने ऐकलं होतं. म्हाताऱ्याचं काळीज फाटलं होतं, एवढं साधं. पण वाडीने त्या गप्प बसण्याचा दुसराच अर्थ मनात नोंदवून ठेवला. तेव्हा कुणी तोंडाने बोललं नाही.

झुंबरबाई गेल्याची बातमी वाचून तळेगावची अनघा धामणदऱ्यात आली. पुण्यात चित्रपटाचं शिकलेली, तिशीतली, मन लावून काम करणारी मुलगी. बदलतं हवामान, वणवे आणि एका वाडीने उभारलेलं पथक ह्यावर तिला सिनेमा करायचा होता. वर्षभर ती येत राहिली. बायकांबरोबर तिने पट्टे साफ केले, पिठलं-भाकरी खाल्ली, आटलेल्या झऱ्यात उतरून चित्रीकरण केलं. वाडीला ती आवडायची, आणि खोटं कशाला बोलू, मलाही. कोंडाजी तर तिच्या कॅमेऱ्यामागे पोरासारखा फिरायचा. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडाला बोल फुटले ते तिच्यामुळेच. "मला बी घे की पिच्चरमधी," तो म्हणायचा. "व्हिलन कर, चालंल."

सिनेमा तयार झाला, लोणावळ्याच्या एका हॉटेलात पर्यावरणाच्या चित्रपटांचा मेळा भरला होता तिथे दाखवला गेला, नावाजला गेला. मग पुढच्या पौषात, गवत पुन्हा पिवळं पडलं असताना, तो वाडीला दाखवायचं ठरलं. शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना निळी ताडपत्री ठोकली. आत अंधार आणि गर्दीने पौषातही भट्टीसारखा उकाडा. एका भिंतीला पथकाची रबरं पाहुण्यांना दिसावीत म्हणून हळदीकुंकू लावून ओळीने उभी केलेली. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, आणि वडीलधारा म्हणून त्यांच्या शेजारी कोंडाजी, धुतलेली टोपी घालून. अंबाजी मागे, भिंतीपाशी. मी दाराजवळ, दोन घोट हवा मिळावी म्हणून.

सिनेमा चांगला होता, हे सांगायलाच हवं. आपली माणसं, आपला डोंगर पडद्यावर बघताना वाडी हरखून गेली. पोरं नावं घेऊन ओरडत होती. जे जे दिसत होतं ते खरं होतं. झरा खरा, भेगाळलेलं खाचर खरं, बायकांच्या हातावरचे फोड खरे. म्हणून पुढे जे दिसलं तेही लोकांनी खरंच धरलं.

पडद्यावर संध्याकाळ झाली. लालभडक आभाळ, काळवंडत चाललेलं रान. त्या उजेडात एक म्हातारा पेंढ्याची जळती चूड हातात घेऊन चढणीने चालला होता. चुडीच्या जाळात त्याचा चेहरा स्पष्ट दिसला. कोंडाजी. पुढच्याच क्षणी सगळं पठार धडाडून पेटलेलं, कुणाच्या तरी मोबाइलवर घेतलेलं ते शिमग्याचं खरं चित्र. आणि त्याच्यानंतर झुंबरबाईचा हसरा फोटो.

पुण्या-मुंबईच्या माणसाला ह्यात फारसं काही दिसलं नसतं. तो म्हणाला असता, जुन्या चालीरीती, आग, दुःख. पण धामणदऱ्याच्या माणसाला चूड आणि संध्याकाळ ह्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या. भाताची रोपं टाकायच्या जागेवर आधी शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. ते काम वैशाखात घरोघर होतं, आणि चूड घेऊनच होतं. पण राब सकाळी भाजतात. सकाळी वारा पडलेला असतो, आग जागची हलत नाही. दिवस कलल्यावर राबाला चूड लावणारा माणूस आंदर मावळात जन्माला आलेला नाही. अंधारात एका म्हातारीचा आवाज आला, "सांज हाय ही." तेवढं पुरलं.

 त्या खोलीत आता एकच माणूस खूश होता. कोंडाजी खुर्चीत वळून मागच्यांना म्हणाला, "बघितलं का? म्या हाय त्यो!"

अंबाजी माणसं तुडवत पुढे आला. "ती चूड तुझी?" त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने थोरल्याला अरेतुरे केलं.

"माझीच की," कोंडाजी म्हणाला. तो अजून हसत होता.

पहिला फटका त्या हसण्यावर बसला. भिंतीपाशी उभं केलेलं रबर अंबाजीच्या हातात कधी आलं ते मी पाहिलं नाही. टायरची पट्टी जबड्यावर बसली आणि त्यात ठोकलेल्या खिळ्याने गाल फाटला. म्हातारा खुर्चीसकट आडवा झाला. अंबाजीने रबर उलटं केलं आणि बांबूच्या बाजूने हाणायला सुरुवात केली. डोक्यात, पाठीत, खांद्यावर. कुणीतरी सिनेमा थांबवला होता; पडद्यावर झुंबरबाईचा फोटो तसाच होता आणि तिच्या उजेडात हे चाललं होतं. पाहुणे एका खिडकीची ताडपत्री फाडून बाहेर पडले. मला वाटलं, वाडीची माणसं अंबाजीला आवरतील. ती उठली, आणि त्यांनीही रबरं उचलली.

कुणाची म्हैस त्या वणव्यात भाजली होती, कुणाचा गवताचा मांडव गेला होता, कुणाचं काहीच गेलं नव्हतं पण तेव्हापासूनचा राग साठला होता. "गवत जाळा म्हनतोस काय!" असं म्हणत एकाने त्याच्या पोटात लाथ घातली. पथकातल्या बायका, ज्यांनी जिवावर उदार होऊन डोंगर राखला, त्यांनी म्हाताऱ्याला चपलांनी मारलं. मी आत घुसलो, दोघांना मागे ओढलं, माझ्या कोपरावर बांबू बसला आणि हात मुंग्या येऊन लुळा पडला. शालूबाई नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली तर तिला केसाला धरून बाजूला फरपटत नेली. आणि कोंडाजी? तो पहिल्यांदा "अरं, अरं" म्हणाला, मग "अंबा, म्या हाय" म्हणाला. त्यानंतर नुसता घरघर असा आवाज येत राहिला.

अनघा टेबलावर चढून किंचाळत होती. "तो राब आहे! वणव्यानंतरचं आहे ते! मे महिन्यातलं!"

"सांजचा राब?" अंबाजी धापा टाकत तिच्याकडे वळला. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं, त्याचं नव्हे. "आमाला शिकवती? सांजचा राब कोन भाजतं?"

"सकाळच होती!" ती म्हणाली. "मी स्वतः सकाळी शूट केलंय. नंतर रंग बदलले. संकलनात आम्ही संध्याकाळ केली."

हात हळूहळू खाली आले. कुणीतरी उरलेल्या ताडपत्र्या ओढून काढल्या आणि खोलीत दुपारचं ऊन भसकन आलं. फरशीवर टोपी, दात, रक्त आणि हळदीकुंकू. शालूबाई गुडघ्यांवर सरकत नवऱ्यापाशी गेली. तिने अनघाकडे मान वर करून विचारलं, "सकाळची सांज करता येती व्हय गं?" 

जीपमध्ये कोंडाजीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वडगावपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला मी त्या सिनेमाला शिव्या घातल्या. डॉक्टरांनी जीव वाचवला, डावा डोळा नाही वाचला. जबडा तारांनी बांधला, उजव्या खांद्याचा चुरा झाला होता तो जमेल तसा जुळवला. शालूबाईने दवाखान्यातूनच पोलिसात तक्रार दिली आणि दिराचं नाव पहिलं घातलं. अंबाजी पळाला नव्हता. शाळेच्या पायरीवर बसून होता, पोलिसांनी उठवला तेव्हा उठला. त्याच्याबरोबर आणखी काही जण आत गेले, यथावकाश जामिनावर सुटले. वडगावच्या कोर्टात ते प्रकरण अजून चालू आहे.

अनघा मला एकदा वडगावच्या स्टँडसमोर भेटली. मी तिला सरळ विचारलं, बाई, कशासाठी केलंत हे? ती म्हणाली, "हवामान बदलाला चेहरा नसतो ना. लोकांना काहीतरी दिसायला हवं. संध्याकाळच्या रंगात तो चेहरा फार सुंदर वाटला, संकलकाला आणि मलाही. आम्हाला वाटलं, त्यातून फक्त भाव पोचेल." मी तिला म्हणालो, जगाचा ताप वाढवणारे वातानुकूलित खोल्यांत बसलेत, त्यांचे चेहरे घ्यायला कॅमेरा का नाही गेला? आवाज माझा चढला होता, चहावाला बघत होता. ती रडली. वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

इतकं होऊन वाडी पश्चात्तापाने पोळून निघाली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने माणसं पाहिलेली नाहीत. कोंडाजी घरी आला तेव्हा बायका ओशाळ्या तोंडाने भाकऱ्या देऊन गेल्या खऱ्या. पण चार दिवसांत कुजबुज सुरू झाली. बाई आता काहीही सांगेल, तिलाही कोर्टाची भीती. सकाळची सांज होते का कधी? शिवाय म्हातारा म्हणायचाच की, जाळा म्हणून. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. स्वतःच्या हातांनी निष्पाप माणसाचा डोळा फोडला, हे गिळण्यापेक्षा तो थोडासा तरी दोषी होता, हे गिळायला सोपं. कोंडाजीच्या अंगणातून लोक पाण्याला जायचे ते खाली बघून. समोरच्या घरात अंबाजी दार लावून बसायचा. शालूबाईने अंगणाच्या मधोमध काट्यांचं कुंपण घातलं.

फाल्गुनात अनघा आली तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. कोंडाजी ओटीवर बसला होता. जबडा वाकडा जुळलेला, डाव्या डोळ्याच्या जागी आत गेलेली पापणी. तिने त्याचे पाय धरले. म्हणाली, "आबा, तुमचा सगळा भाग सिनेमातून काढून टाकलाय. आता तुम्ही कुठेच दिसणार नाही."

मला वाटलं होतं, म्हातारा सुस्कारा टाकेल. तो खवळला. तारांनी बांधलेला जबडा आता सुटा होता, पण शब्द अजून अडखळत निघत होते.

"काढला? कुनाला इचारून काढला?"

"आबा, त्याच्यामुळेच तर—"

"त्याच्यामुळं माझं नाव गेलं. आता त्यो काढलास तर लोक काय म्हनतील? लपिवला म्हनतील. मरंस्तवर म्हनतील." त्याने पाय मागे ओढून घेतले. "तू सकाळची सांज केलीस न्हवं? तर मग सांजंची परत सकाळ कर. जशी व्हती तशी. आन् त्याच शाळंत लाव. समद्यांला बोलीव."

शालूबाई म्हणाली, "कशाला त्या मेल्यांची तोंडं बघायची?"

"मला न्हाई बघायची," तो म्हणाला. "त्यांला माझं बघू दे."

वाडी आली. न येण्याची लाज, येण्याच्या लाजेपेक्षा मोठी ठरली असावी. पुन्हा ताडपत्री, पुन्हा तोच उकाडा. ह्या वेळी पाहुणे नव्हते. पोलीसपाटील दारात उभा. कोंडाजी पुढे खुर्चीवर, शालूबाई शेजारी, मांडीखाली विळा घेऊन. तो मला दिसत होता आणि मी काही बोललो नाही. अंबाजी सगळ्यांत शेवटी आला आणि मागे उभा राहिला. त्याच्या आजूबाजूची माणसं आपसूक सरकली.

अनघाने सिनेमा लावलाच नाही. त्या दिवशी कॅमेऱ्यात जे घेतलं होतं ते जसंच्या तसं लावलं, न कापता, न रंगवता. पांढरं सकाळचं ऊन. कोंबडा आरवतोय. धूर सरळ उभा वर जातोय, वारा नाही. हातात चूड घेऊन कोंडाजी चढतोय, आणि सिनेमात जिथे कापलं होतं तिथून पुढे कॅमेरा चालूच आहे. म्हातारा एका खाचराच्या कोपऱ्यात थांबतो. तिथे पाला आणि शेण नीट पसरलेलं आहे. खोलीतल्या प्रत्येकाने ते खाचर ओळखलं. ते कोंडाजीचं नव्हतं, अंबाजीचं होतं.

पडद्यावरची अनघा विचारते, "आबा, हे तुमचं शेत?"

"न्हाई. धाकट्याचं," पडद्यावरचा कोंडाजी वाकून राबाला चूड लावत म्हणतो. "त्याचं चित्त थाऱ्यावर न्हाई आता. घरातली गेली. त्यो फिरतोय वनवा लावणाऱ्याच्या मागं. म्हनून रोपं थांबत्यात व्हय? म्या भाजतो. त्याला सांगू नगंस, उगा चिडंल." राब धुमसू लागतो. म्हातारा चूड मातीत विझवतो, पायाने दाबतो, पुन्हा एकदा दाबतो. मग कॅमेऱ्याकडे बघून विचारतो, "आलो का म्या नीट?"

अनघाने यंत्र बंद केलं. ताडपत्री काढायला कुणी उठलं नाही. अंधारात कुणीतरी बाई हुंदके देऊ लागली, मग दुसरी. त्या साली अंबाजीच्या खाचरात रोप वेळेवर उगवलं होतं, त्याने ते लावलं होतं, कापलं होतं, तोच भात खाऊन त्याने अंगात बळ धरलं होतं. त्याला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं, की राब भाजला कुणी.

तो माणसांमधून वाट काढत पुढे आला. शालूबाईचा हात मांडीखाली गेला. पोलीसपाटील दारातून आत सरकला. अंबाजी कोंडाजीच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला आणि आपली दोन्ही मनगटं त्याने पाठीमागे घट्ट धरली.

"दादा," तो म्हणाला, "मारा मला."

शालूबाईचा हात विळ्यावरच होता.

"समद्यांसमोर मारा. जितकं म्या मारलं तितकं मारा. पाया पडतो तुमच्या. मारा."

म्हाताऱ्याने उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा उजवा खांदा हलला, कोपर जरासं पुढे आलं आणि तिथेच अडकलं. त्याने पुन्हा जोर केला. कपाळाला घाम आला, वाकडा जबडा आवळला गेला. मग त्याने हात मांडीवर टाकला.

"मारलं असतं रं," तो म्हणाला. "पर हात वर जात न्हाई."

अंबाजी गाल पुढे करून तसाच बसून राहिला.